सतरावं पान

मला घाणेरडं पान सहन होत नाही. हा माझा गुण आहे असं मी कित्येक वर्षं समजत आले आणि लोकांनीही मला तसं समजू दिलं.

राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर माझं दुकान आहे. प्रबंध, स्मरणिका, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, काहीही आणा, मी ते पानात नीट बसवून देते. परिच्छेदाच्या शेवटी एकच शब्द नव्या ओळीवर लटकत राहिला तर मी लेखकाला फोन करून वाक्य बदलायला लावते. एका प्राध्यापकांनी एकदा चिडून विचारलं होतं, की ताई, प्रबंध माझा आहे की तुमचा? मी म्हटलं, आतला मजकूर तुमचा, पान माझं. हे उत्तर मी पुढे चार जणांना हसत हसत सांगितलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

सर माझे अकोल्याच्या पॉलिटेक्निकमधले. प्रोग्रॅमिंग शिकवायचे. त्यांची एक पद्धत होती, जी आमच्या वर्गातल्या कुणीही पुढे वापरली नाही, कारण तिला वेळ लागतो. सर प्रोग्रॅम नुसता लिहीत नसत. एकाच फाइलमध्ये आधी साध्या मराठीत समजावून सांगत, की हे मी असं का करतोय. आणि त्याखाली लगेच यंत्रासाठीच्या आज्ञा. मग पुढची समजावणी, पुढच्या आज्ञा. अशा प्रत्येक तुकड्याला ते कलम म्हणत आणि त्याला नंबर आणि नाव देत. एक साधन त्या फाइलमधून फक्त आज्ञा वेचून, जोडून यंत्राला देई. दुसरं साधन सगळं ओळीने मांडून माणसाला वाचायला छापून देई. एका फाइलचे दोन वाचक.

"मशीनले कारण सांगा लागत नाही," सर म्हणायचे. "मानसाले सांगा लागते. आन पाच वर्सानं तुमी सोताच ते परकं मानूस होऊन जाता."

आता यातली एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. एक कलम एकाच जागी संपतं असं नसतं. समजा, कलम नऊचं नाव 'लाल रंग केव्हा द्यायचा'. ते लिहून सर पुढे गेले आणि खूप नंतर त्यांना आणखी काही कळलं, तर ते मागे जाऊन खाडाखोड करत नसत. पुढे जिथे असतील तिथे त्याच नावाचं नवं कलम काढत आणि उरलेलं तिथे लिहीत; अशाला ते जोडकलम म्हणत. यंत्राचं साधन एका नावाची सगळी कलमं आपोआप गोळा करतं, त्याच्याकडून काही सुटत नाही. माणसासाठी मात्र छापील पानावर कलम नऊच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ येते: 'याच नावाचं पुढचं कलम एकतीस पाहा.' ती ओळ पाहून माणसाने स्वतः पान उलटायचं असतं.

निवृत्तीनंतर सरांनी धारणीकडे काम करणाऱ्या एका संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहून दिला. गावोगाव फिरणाऱ्या सिस्टर लेकराचं वजन घेतात, उंची मोजतात, मोबाईलमध्ये टाकतात. मोबाईल रंग दाखवतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे आठवड्याने पुन्हा आणा, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. पण तिकडे कुठे रेंज नाही, कुठे दोन-दोन दिवस लाइट नाही. मोबाईल बंद पडला तर हाताशी काहीतरी हवं, म्हणून संस्थेने छापील पुस्तिका करायचं ठरवलं. सरांच्या फाइलमधली सगळी कलमं नकोत, सिस्टरांच्या कामाची तेवढीच. ती वेचून पुस्तिका मांडायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं.

सरांनी कलमांच्या नंबरांची यादी हाताने लिहून पाठवली. फोनवर म्हणाले, "मी हरेक नावाचा पयला नंबर देल्ला आहे. ज्याच्या खाली 'पुढचं कलम' लिवून असन, तिथं जाऊन पाहाजो. कामाचं असन तं तेही घेजो. माह्या डोयाचं ऑपरेशन आहे, मले आता प्रूफ पाहता येत नाही."

मी यादीतले नंबर उचलणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. सरांची विद्यार्थिनी, एवढं येतंच. कलमं उचलली, पानं मांडली. सतरा झाली.

छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म असतो. सतरावं पान आलं की आणखी चार पानांचा कागद जोडावा लागतो आणि मागे तीन पानं कोरी राहतात. कोरी पानं म्हणजे माझ्या लेखी निष्काळजीपणाची जाहिरात. मी जागा शोधायला लागले आणि मला त्या बारीक ओळी दिसल्या. 'पुढचं कलम एकतीस पाहा', 'पुढचं कलम चाळीस पाहा'. पुस्तिकेत एकतीस नाही, चाळीस नाही. जे छापलेलंच नाही तिकडे वाचणाऱ्याला कशाला पाठवायचं? पानाच्या तळाशी त्या ओळी डोळ्यात खुपत होत्या. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली आणि त्या सगळ्या गाळल्या. बरोबर सोळा पानं. शेवटच्या पानाची शेवटची ओळ अगदी तळाला येऊन टेकली. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन स्वतःसाठी चहा सांगितला.

डोळ्याला पट्टी असताना सरांनी फोन केला. "जोडकलमं पाह्यली ना?"

मी म्हटलं, "हो सर."

पाहिली नव्हती. खोटं बोलायचं ठरवून बोलले असंही नाही. पान इतकं सुंदर झालं होतं, की त्यात काही राहून गेलं असेल हे मला खरंच वाटलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी, दुपारी, एक बाई दुकानाचा जिना चढून वर आल्या. चाळिशीच्या असतील. परतवाड्याहून एसटीने आल्या होत्या, त्याआधी धारणीहून जीपने. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी पुस्तिका काढून माझ्या टेबलावर ठेवली. कोपरे मऊ पडले होते, म्हणजे वापरातली होती.

"हे तुमी छापलं ना ताई? मांगं तुमच्या दुकानाचं नाव आहे."

मी हो म्हटलं. मला वाटलं, जास्तीच्या प्रती हव्या असतील.

त्या संस्थेच्या सिस्टर होत्या. उभ्यानेच बोलल्या, मी खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. एका पाड्यावर दीड वर्षाची मुलगी होती. त्या दिवशी मोबाईल बंद पडलेला. पुस्तिका उघडून वजन-उंचीचा तक्ता पाहिला, पिवळा आला. आईला सांगितलं, पुढच्या आठवड्यात घेऊन ये. पुढचा आठवडा त्या लेकराने पाहिलाच नाही.

"पाय सुजून होते तिचे," सिस्टर म्हणाल्या. "साहेबायनं मांगून तेच आकडे मोबाईलमधी टाकले. मोबाईल पायाचं इचारते. 'सूज हाय' दाबलं तं लाल आलं. मले मने, मोबाईलले समजते आन तुमाले समजत नाही? आता मले गावात जाऊ देत नाहीत. ऑफिसात बसवून ठेवलं, चौकशी होऊन राह्यली."

मी पुस्तिका हातात घेतली. माझीच पानं मला अनोळखी वाटायला लागली.

"यात पायाचं काईच नाही," त्या म्हणाल्या. "मी सगळं पाह्यलं. मले नोकरीचं नाही इचारायचं तुमाले. फक्त एवढं सांगा, सरायनं ते काढून टाकलं होतं का? कारन त्यायले ते मीच सांगतलं होतं. पयल्यांदा मोबाईल घेऊन आले तवा मीच मनलं, सर, पाय सुजलेलं लेकरू वजनात चांगलं येते, तुमचं मशीन त्याले चांगलं मनन. त्यायनं लिवून घेतलं. मंग पुस्तक आलं तं त्यात नाही. मले वाटलं, मोठ्या डॉक्टरले इचारलं असन, डॉक्टर नाही मनले असतीन. माहंच चुकीचं असन."

मला तेव्हाच सगळं कळलं. फाइल उघडायचीही गरज नव्हती. तरी मी म्हटलं, "पाहून सांगते." त्यांनी पुस्तिका माझ्याकडे ठेवली, पाणी घेतलं नाही, आणि जिना उतरून गेल्या. ते दोन शब्द बोलल्याबद्दल मी स्वतःला आजही शिव्या घालते.

त्या गेल्यावर मी फाइल उघडली. कलम एकतीस. नाव तेच, 'लाल रंग केव्हा द्यायचा'. सरांची समजावणी अशी होती:

'हे मला धारणीकडच्या एका सिस्टरांनी सांगितलं. मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, अर्थातच, हे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून तक्त्यात लिहिलं नव्हतं. ठाऊक असलेलंच लिहायचं राहून जातं, म्हणून इथे लिहितो. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खड्डा तसाच राहिला तर वजन पाहू नका, ते वजन अंगात साचलेल्या पाण्याचं आहे. तक्ता काहीही सांगो, लाल.'

त्याखाली यंत्रासाठी चार ओळी. त्या चार ओळी यंत्राला बिनचूक पोचल्या होत्या. माणसासाठी लिहिलेलं तेवढं मी अडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात मी थोडी थोडी सुटत होते. यादीत एकतीस नव्हतंच. सरांनी प्रूफ पाहिलं नाही. संस्थेतही कुणी पाहिलं नाही. सगळं खरं होतं, म्हणूनच जास्त घाण वाटत होतं.

सर पुढच्या खोलीत बसले होते. कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं. त्यांच्या टेबलावर कापड टाकलेला कॉम्प्युटर मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मले माईत आहे तू काहून आली," ते म्हणाले. "संस्थेचा फोन आलता. मी त्यायले लिवून देल्लं, यादी माही होती, एकतीस टाकाचं मीच इसरलो. तू जिवाले लावून घेऊ नको."

मी पिशवी खाली ठेवून बसले.

"तुले मी इचारलं होतं," ते पुढे म्हणाले, "जोडकलमं पाह्यली का मनून. तू हो मनलं. तू पाह्यलं असतं तं एकतीस तुले दिसलं असतं. मंजे मी फाइलमधीच कायतरी घोळ केला असन, खालची ओळ आलीच नसन. पंधरा दिवस झाले, मी रोज आठवून पाह्यतो, कुठी चुकलो. काई आठवत नाही. ऑपरेशन होऊनही डोये तं गेलेच, आता वाटते डोक्सही चाललं. मनून बंद केलं हे." त्यांनी कॉम्प्युटरकडे हात केला.

चाळीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक गोष्टीचं कारण लिहून ठेवलं, तो माझ्या एका 'हो'मुळे स्वतःच्या बुद्धीवर शंका घेत बसला होता. मला रडू आलं. रडण्याचा मला काही हक्क नव्हता, तरी आलं.

मी सांगितलं. खालची ओळ आली होती, सर. मी काढली. जोडकलमं मी पाहिलीच नव्हती.

आतून कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

"मंग हो काहून मनलं?"

"घाई होती सर."

"घाई नोयती." त्यांचा आवाज चढला नाही. "तुले वाटलं, बुढ्याले पानातलं काय समजते."

हे खरं होतं. मला कधी स्वतःशीही म्हणता आलं नव्हतं, ते त्यांनी माझ्याबद्दल म्हणून टाकलं.

मग ते उठले, चाचपडत कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्या पद्धतीत एक शिस्त आहे. काही बदललं, काही चुकलं, तर त्याचं कारण त्याच फाइलमध्ये लिहायचं, वेगळ्या चिठ्ठीवर नाही. "लिव," ते म्हणाले.

मी लिहिलं: 'काही तांत्रिक अडचणींमुळे पहिल्या पुस्तिकेतून कलम एकतीस सुटले होते.'

"वाच."

मी वाचलं.

"कोनापासून सुटलं?"

ते खोडलं. पुन्हा लिहिलं, की जागेअभावी गाळावं लागलं. ते म्हणाले, कोनं लावलं गायाले? पुन्हा खोडलं. असं करता करता दुपार उलटली. त्यांनी एकही वाक्य मला सांगितलं नाही, फक्त वाचायला लावत राहिले. शेवटी जे उरलं ते एवढं होतं: 'पहिल्या पुस्तिकेत पायाच्या सुजेचं कलम नाही. ते फाइलमध्ये होतं. पान मांडणाऱ्या बाईने, म्हणजे मी, त्याच्याकडे नेणारी ओळ काढली, कारण पुस्तिका सोळा पानांत बसवायची होती. सरांनी विचारल्यावर पाहिलं नसताना हो म्हटलं. सिस्टरांना सूज माहीत होती, त्यांनीच ती आम्हाला सांगितली होती. पुस्तिकेत नाही म्हणून त्यांनी स्वतःला खोटं ठरवलं. एक लेकरू गेलं.'

"हे मी पाठवते संस्थेला," मी म्हटलं.

"पाठव. आन नव्या पुस्तकाची यादी घे." त्यांनी नंबर सांगायला सुरुवात केली. पहिला नंबर मी नुकत्याच लिहिलेल्या कलमाचा होता.

"हे छापायचं सर? सिस्टरांच्या पुस्तकात?"

"सगळ्यायच्या आधी. पुढच्या वक्ताले पुस्तकात काई नसलं, तं त्यायले आपल्या पुस्तकावर शक आला पायजे. सोतावर नाही."

संस्थेने माझं पत्र स्वीकारलं. सिस्टरांची चौकशी थांबली, त्यांना पुन्हा गावं दिली. मला कुणी बोल लावला नाही. उलट एका साहेबांनी फोन करून सांगितलं, की ताई, होतं असं, तुम्ही मोठेपणा दाखवला. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

नवी पुस्तिका मी मांडली. खालच्या सगळ्या ओळी ठेवल्या. सतरा पानं झाली आणि मागे तीन कोरी. छापखानेवाला म्हणाला, ताई, तुमच्या कामात कोरी पानं? बसवा की सोळात. मी म्हटलं, राहू द्या.

गठ्ठे घेऊन मी स्वतः परतवाड्याला गेले. सिस्टर तिथे धारणीच्या जीपपाशी येणार होत्या. जीप भरायची होती, त्या आधीच आत खिडकीशी बसल्या होत्या. मी एक पुस्तिका काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिलं पान वाचलं, सावकाश, बोट ओळीवरून फिरवत. मग पानं उलटून सुजेचं कलम काढलं.

"म्या दाबून पाह्यलं होतं ताई," त्या म्हणाल्या. हे त्या पहिल्या वेळी बोलल्या नव्हत्या. "दोन्ही पायावर. खड्डा राह्यला होता. मंग तुमचं पुस्तक उघडलं."

मी जीपच्या दाराला धरून उभी होते. आतली माणसं आमच्याकडे बघत होती.

"खालच्या वळी काहून काढल्या? जागाच पायजे होती तं दुसरं काईतरी काढाचं."

सोळा पानांचा फॉर्म, यादी, सरांचे डोळे, सगळं मला पाठ होतं.

"पान चांगलं दिसत नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी मागे जाऊन कलम नऊचं पान काढलं आणि ते माझ्या समोर धरलं. तळाशी त्या दोन बारीक ओळी होत्या, थोड्या डावीकडे सरकलेल्या.

"आता कसं दिसते?"

ड्रायव्हरने गठ्ठे मागच्या सीटखाली ढकलले आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.